गावठी म्हणजे नेमकी कोणती?

आषाढ संपत आला की उल्हासनगरच्या बाजारात एका पाटीची संख्या एकाएकी वाढते. ‘येथे अस्सल गावठी मिळेल.’ कुठे खडूने लिहिलेली, कुठे पुठ्ठ्यावर रंगवलेली, तर कुठे रुबाबदार कोंबड्याच्या छायाचित्रासह फ्लेक्सवर छापलेली. श्रावण लागण्यापूर्वीचे ते चार-आठ दिवस. दिव्यांच्या अमावास्येला ‘गटारी’ हे नाव कोणी चिकटवले यावर दरवर्षी वाद होतो, तो येथे उकरायला नको. मुद्दा असा की, त्या आठवड्यात उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन गावांत (आता त्यांना गावे म्हणणे धाडसाचेच) जितक्या कोंबड्या ‘गावठी’ म्हणून विकल्या जातात, तितक्या आसपासच्या साऱ्या पाड्यांत मिळून तरी असतील का, याची मला दाट शंका आहे.

मग पिंजऱ्यात असते ती कोण? तांबूस पिसांची, पिवळ्या पायांची, अंगाने भरलेली ही कोंबडी पुष्कळदा हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयात तयार झालेल्या ‘वनराजा’ची, बंगळूरच्या कृषी विद्यापीठाच्या ‘गिरिराजा’ची किंवा केगफार्म्स या खासगी संस्थेने नव्वदच्या दशकात आणलेल्या ‘कुरॉयलर’ची वंशज असते. कधी ती अंड्यांच्या फार्मवरून वयोमानानुसार निवृत्त झालेली तपकिरी कोंबडी असते. आम्हा पेन्शनरांना तिच्याविषयी सहानुभूती वाटणे साहजिक आहे. या पक्ष्यांत वाईट काही नाही. चांगले, मेहनतीने घडवलेले पक्षी आहेत. फक्त ते गावठी नाहीत.

उल्हासनगरच्या मालावर ‘मेड इन यूएसए’ लिहिलेले असते आणि त्यातला यूएसए म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’, हा विनोद आमच्या पिढीने लोकलच्या डब्यात हजारदा ऐकला. फाळणीत सर्वस्व गमावून लष्कराच्या रिकाम्या बरॅकींत येऊन पडलेल्या माणसांनी उभ्या केलेल्या शहराला तो विनोद अन्यायच करतो. पण गंमत पाहा, विदेशी शिक्क्याची नक्कल करण्याचे दिवस गेले आणि आता नक्कल होते ती ‘गावठी’ या शिक्क्याची. ज्या शब्दाने एके काळी माणसाला हिणवत असत, त्याला आज किलोमागे दुप्पट भाव आहे.

गावठी कोणती, या प्रश्नाचे उत्तर आजवर आपण जिभेने देत आलो. रश्शाला तवंग कसा आला, हाड किती चिवट, यावरून. आता ते रक्ताच्या थेंबाने देता येते. माणसाच्या तांबड्या पेशींत केंद्रक नसते, पक्ष्याच्या असते. त्यामुळे कोंबडीच्या पंखाखालच्या शिरेतून घेतलेला एक थेंब कागदावर वाळवला तरी प्रयोगशाळेला पुरेसा होतो. त्या थेंबात काय काय लिहिलेले असते आणि ते वाचून आपण काय करणार आहोत, हा आजच्या लेखाचा विषय. मी शास्त्रज्ञ नाही. तीसेक वर्षे बँकेत काढली, त्यातली काही याच पट्ट्यातल्या ग्रामीण कर्जखात्यांवर, आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. दोन्ही धंद्यांत कुळी आणि वारसा यांच्याशी संबंध येतो, एवढीच माझी पात्रता.

सुरुवात पायांपासून करू. कोंबड्यांच्या दुकानात टांगलेले पिवळे पाय आपण रोज पाहतो. कोंबडीचा मूळ पूर्वज म्हणजे आग्नेय आशियातला आणि आपल्याकडे हिमालयाच्या पायथ्यापासून मध्य भारतापर्यंत आढळणारा तांबडा रानकोंबडा. हे डार्विनने १८६८ सालीच लिहून ठेवले आणि ते मोठ्या अंशी खरे ठरले. पण तांबड्या रानकोंबड्याचे पाय राखी असतात. मग पिवळे आले कुठून? २००८ साली स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या लेफ अँडरसन यांच्या गटाने याचा छडा लावला. आहारातले पिवळे रंगद्रव्य मोडणारे एक जनुक पिवळ्या कातडीच्या कोंबड्यांत कातडीपुरते बंद पडलेले असते, म्हणून तो रंग तिथे साठून राहतो. आणि त्या जनुकाची ही विशिष्ट प्रत तांबड्या रानकोंबड्याची नाही. ती करड्या रानकोंबड्याशी जुळते.

करडा रानकोंबडा म्हणजे आपला. तो साऱ्या जगात फक्त भारतीय द्वीपकल्पात सापडतो आणि सह्याद्री हे त्याचे हक्काचे घर आहे. मानेवर मेण लावल्यासारखे चमकणारे ठिपके, आणि पहाटे बांग अशी तुटक की घरच्या कोंबड्याला कोणीतरी मध्येच गप्प केले आहे असे वाटावे. कधी काळी, केव्हा ते सांगता येणार नाही इतक्या पूर्वी, याच द्वीपकल्पातल्या कुठल्यातरी वस्तीच्या कडेला त्याचा पाळीव कोंबडीशी संबंध आला, आणि तिथून निघालेले एक जनुक आज अमेरिकेपासून ब्राझीलपर्यंत कोट्यवधी ब्रॉयलरांच्या पायात आहे. कातडी आणखी पिवळी दिसावी म्हणून परदेशी कंपन्या खाद्यात झेंडूचा अर्क घालतात, तो भाग निराळा. सह्याद्रीला या व्यवहारात स्वामित्वधन किती मिळाले, असा प्रश्न माझ्यातल्या बँकवाल्याला पडतो. पण जनुकांच्या बाबतीत इतका जुना वायदा वसूल करता येत नाही.

जनुके कशी वाचतात आणि त्यावरून निवड कशी करतात, हे सांगायला उल्हासनगरइतके सोयीचे शहर नाही. इथले जुने पत्ते रस्त्याच्या नावावर चालत नाहीत. कॅम्प क्रमांक, बरॅक क्रमांक आणि ‘अमुक मिठाईवाल्याच्या शेजारी’ यांवर चालतात. आपल्याला हवा असतो तो माणूस, ठाऊक असते ते दुकान. जनुकीय खूण म्हणजे ते दुकान. गुणसूत्रावर एखादी सहज ओळखता येणारी जागा शास्त्रज्ञ पकडतात. पुष्कळ पक्ष्यांत ती जागा अमुक प्रकारची असली की पक्षी जास्त अंडी देतो किंवा अमुक रोगात तगतो असे आढळले, म्हणजे हवे ते जनुक तिथेच जवळपास राहते असे धरून चालतात. मग पिल्लू मोठे होऊन अंडी देईपर्यंत वाट पाहायची गरज नाही. पहिल्याच दिवशी थेंबभर रक्त घ्यायचे, खूण पाहायची आणि ठेवायचे की काढायचे ते ठरवायचे. यालाच खुणांच्या आधारे केलेली निवड म्हणतात. धोकाही त्या पत्त्यासारखाच. चार पिढ्यांनी माणूस घर बदलतो, दुकान तिथेच राहते, आणि आपण चुकीच्या दारावर टकटक करतो.

ही विद्या नुसती कागदावर नाही. तपकिरी कवचाच्या अंड्यांना कधीकधी मासळीचा वास येई आणि मोहरीवर्गीय पेंड खाऊ घातली की तो वाढे. २००५ साली त्यामागचे सदोष जनुक सापडले. पैदासकार कंपन्यांनी आपल्या मूळ कळपांची तपासणी करून ते काढून टाकले, प्रश्न मिटला. मारेक नावाच्या विषाणूरोगापासून वाचणाऱ्या कोंबड्या तर अमेरिकेत त्याच्याही कितीतरी आधीपासून रक्तगट पाहून निवडल्या जात होत्या. डिसेंबर २००४ मध्ये तांबड्या रानकोंबडीचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला, तेव्हा कोंबडी हा असा मान मिळालेला पहिला पक्षी ठरला. त्यानंतर एकेका पक्ष्याच्या साठ हजार, पुढे सहा लाख खुणा एका दमात वाचणाऱ्या चकत्या आल्या.

पण एकेका खुणेच्या मागे धावण्यात फसगतही होते. २००२ साली जपानी संशोधकांनी असे दाखवले की एका जनुकातल्या एकाच अक्षराच्या फरकाने कोंबडीच्या पेशी फ्लूच्या विषाणूला रोखू शकतात. सगळीकडे त्या अक्षराचा शोध सुरू झाला. आपल्या देशी जातींत ते सापडते म्हणून आपल्याकडेही आनंद झाला. पुढच्या वर्षांत इतरांनी प्रयोग केले तेव्हा मात्र ते संरक्षण हाती लागले नाही. एखादे अक्षर सापडले म्हणून कोंबडी वाचली असे होत नाही. अंड्यांची संख्या, वाढीचा वेग, उन्हात तग धरणे हे गुण तर शेकडो जनुकांच्या किरकोळ वर्गणीतून उभे राहतात. त्यांच्या निवडीला एक-दोन खुणा पुरत नाहीत. हजारो पक्ष्यांच्या खुणा लागतात आणि त्याच हजारो पक्ष्यांचा आयुष्यभराचा हिशेब लागतो. हा हिशेबाचा मुद्दा वाचकांनी लक्षात ठेवावा, त्याकडे आपण परत येणार आहोत.

मोठ्या कंपन्यांकडे तो हिशेब आहे. अख्ख्या जगाला ब्रॉयलर आणि अंड्यांच्या कोंबड्या पुरवणारे मूळ कळप आज मोजक्या दोन-चार कंपन्यांच्या हातात आहेत. आपल्याकडे पुण्याच्या वेंकटेश्वर हॅचरीजने परदेशी मूळ घेऊन ‘बीव्ही ३००’ आणि ‘वेनकॉब’ घराघरात पोचवले. भारतात अंडे स्वस्त झाले त्याचे श्रेय त्या उद्योगाला आणि डॉ. बी. व्ही. राव यांना द्यायलाच हवे. परंतु २००८ सालीच अमेरिकेतल्या विल्यम म्यूर आणि सहकाऱ्यांनी या व्यापारी कळपांची जुन्या जातींशी तुलना केली, तेव्हा मूळ वैविध्याचा निम्मा किंवा त्याहूनही अधिक हिस्सा व्यापारी कोंबड्यांत उरलेलाच नाही असे आढळले. बँकेच्या भाषेत सांगायचे तर चालू खाते भरभरून वाहते आहे आणि राखीव निधी निम्म्यावर आला आहे. उद्या नवा रोग आला, उन्हाळा आणखी दोन अंशांनी चढला, तर हवे ते जनुक त्या खात्यात असेलच याची हमी नाही. ते कुठे असू शकेल? खुराड्यात. २०१९ च्या पशुगणनेत देशातल्या ८५ कोटी कोंबड्या-बदकांपैकी जवळपास ३२ कोटी परसातल्या होत्या. ही संख्या आधीच्या गणनेपेक्षा पंचेचाळीस टक्क्यांनी वाढलेली होती. हा आकडा वाचून हुरळून मात्र जाऊ नये. परसात आहे म्हणजे गावठी आहे असे नाही. वनराजाही परसातच राहतो.

देशी कोंबड्यांच्या नोंदणीकृत जाती देशात वीसच्या आसपास आहेत. कर्नालची राष्ट्रीय संस्था ही नोंद ठेवते. अॅसील, कडकनाथ, निकोबारी, अंकलेश्वर अशी नावे त्यात आहेत. महाराष्ट्राच्या वाट्याला त्यात एकच जात येते, तीही गुजरातबरोबर वाटून घेतलेली: हलक्या चणीची ‘बुसरा’, नंदुरबार-धुळ्याच्या आदिवासी पट्ट्यातली. नवापूर हा तिचाच मुलूख. आणि फेब्रुवारी २००६ मध्ये भारतातला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक झाला तो नेमका नवापूरला. फार्मवरच्या लाखो कोंबड्या मारल्या गेल्या, आणि ठरवलेल्या परिघात आलेली परसातली कोंबडीही सुटली नाही. रोग थांबवायला ते आवश्यकच होते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण फार्मवाल्याने पुढच्या वर्षी तीच पिल्ले त्याच कंपनीकडून विकत आणली. पाड्यावरच्या बाईने तिच्या आजीपासून चालत आलेली ओळ कुठल्या हॅचरीतून आणावी?

हे दूरचे उदाहरण वाटत असेल त्यांच्यासाठी जवळचे सांगतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये आपल्याच ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीला तोच रोग आला. जानेवारी २०२५ मध्ये उरणच्या चिरनेरला आला. बदलापूरहून दोन्ही ठिकाणे एका दिवसात जाऊन येण्याच्या अंतरावर आहेत. पुढचा परीघ कुठे आखला जाईल ते कोणाच्या हाती नाही.

कडकनाथचे प्रकरण तर नावाला आलेल्या भावाचे काय होते याचा धडाच आहे. २०१८ साली झाबुआच्या कडकनाथला भौगोलिक मानांकन मिळाले आणि ‘काळी कोंबडी’ हा परवलीचा शब्द झाला. २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यात एका कंपनीच्या कडकनाथ-पालन योजनेत हजारो शेतकऱ्यांचे पैसे अडकले. त्या काळात माझ्या ओळखीच्या दोघांनी बदलापूरजवळ शेड बांधले आणि मला विचारायला आले ते शेड बांधून झाल्यावर. जो काळा रंग पाहून लोक पैसे मोजत होते, तो विसाव्या गुणसूत्राच्या एका तुकड्याची दुहेरी नक्कल झाल्यामुळे येतो, हे शास्त्रज्ञांनी २०११ सालीच शोधले होते. चीनची रेशमी कोंबडी आणि इंडोनेशियाची काळी कोंबडी यांच्यातही हाच बदल आहे. शिवाय तो गुण प्रभावी आहे, त्यामुळे संकरातही काळेपणा बराचसा उतरतो. तेव्हा कातडी काळी म्हणजे रक्त शुद्ध, हे समीकरण मुळातच कच्चे. ते तपासायला अनेक जागच्या खुणा पाहाव्या लागतात. जागतिक अन्न व कृषी संघटनेने कोंबड्यांसाठी अशा तीस खुणांची यादी कधीच देऊन ठेवली आहे. भारतीय संशोधकांनी तिचा वापर करून अॅसील, कडकनाथ, निकोबारी यांचे वैविध्य मोजले आहे.

आता आपल्या पट्ट्याकडे येऊ. बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा आम्हा सर्वांना अभिमान वाटला. त्याच जांभळांच्या सावलीत चरणाऱ्या कोंबडीला मात्र नावच नाही. सरकारी दप्तरात तिचा रकाना एकच: ‘अवर्णित’. म्हणजे तिचे वर्णन कोणी केले नाही. वर्णन करण्यासारखे काही नाही असा त्याचा अर्थ नव्हे.

बारवी धरणाच्या मागच्या बाजूला ठाकर आणि कातकरी वस्त्या आहेत. तिथल्या एका पाड्यावर गेल्या दोन वर्षांत मी अनेकदा गेलो. चौदा घरे, प्रत्येक घरी चार ते दहा कोंबड्या, संध्याकाळी डालग्याखाली झाकायच्या. अंगणात उभे राहून मोजायला लागलो तर एका पाड्यावर किती प्रकार! तांबडी, काळी, कवड्या ठिपक्यांची, आखूड पायांची. एक उघड्या मानेची. आणि एक उरफाट्या पिसांची, जणू वादळात उलटून गेलेली छत्री. या शेवटच्या कोंबडीला भगताकडून मागणी असते हे सर्वांना माहीत आहे. अंधश्रद्धेच्या विरोधात २०१३ साली कायदा झाला तेव्हा मी त्याचे स्वागत केले होते आणि आजही करतो. पण हेही नमूद केले पाहिजे की, उरफाट्या पिसांची ओळ जर आजवर टिकली असेल तर ती शास्त्रज्ञांमुळे नाही, त्या मागणीमुळे. आणि या पिसांचा उपयोग आहे. पिसे अंगाला चिकटून न बसल्याने उष्णता बाहेर पडते. केराटिन बनवणाऱ्या एका जनुकातला छोटासा तुकडा गळाल्याने असे होते, हे २०१२ साली समजले. उघड्या मानेचे जनुक त्याच्या आदल्या वर्षी सापडले होते. त्या कोंबडीच्या अंगावर एकूण पिसेच तीस-चाळीस टक्क्यांनी कमी असतात. एप्रिल-मेमध्ये बदलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा बंद शेडमधल्या ब्रॉयलर धापा टाकत मरतात आणि ही दोघी करवंदीच्या जाळीखाली माती उकरत बसलेल्या असतात.

त्या पाड्यावरच्या एका वयस्क बाईंशी माझे बोलणे झाले ते मुख्यतः खुडूक कोंबडीवर. गावठी कोंबडी बारा-पंधरा अंडी घालते आणि खुडूक होते. मग एकवीस दिवस अंड्यांवर बसते, पुढे दोनेक महिने पिल्ले सांभाळते. वर्षात असे तीन-चार फेरे, म्हणजे पन्नास-साठ अंडी. फार्मवरची कोंबडी तीनशेच्या वर देते, कारण ती खुडूक होतच नाही. तिच्यातली ती ओढ पिढ्यान्‌पिढ्या निवडून काढून टाकली आहे. अंड्यांवर बसण्याची इच्छा जागी करणाऱ्या संप्रेरकाच्या जनुकाशेजारी चोवीस अक्षरांचा एक जादा तुकडा असला की अंडी वाढतात, असे चिनी संशोधकांनी २००६ साली दाखवले. लेगहॉर्नमध्ये तो तुकडा भरपूर आढळतो, खुडूक बसणाऱ्या देशी कोंबड्यांत कमी. म्हणजे ही एक खूण झाली. उद्या कोणी ठरवले की देशी कोंबडीची अंडी वाढवायची, तर तो तुकडा असलेली पिल्ले निवडत जाणे हा सोपा मार्ग दिसेल.

“अंडी वाढतील, मावशी,” मी म्हटले.

“आन् पिल्लं कोन काढंल, भाऊ?”

हा प्रश्न मी पूर्वी ऐकलेला होता. ऐंशीच्या दशकात एका सरकारी योजनेत सुधारित कोंबड्यांसाठी कर्जे दिली जात. अर्जात ‘जात’ असा रकाना असे आणि त्यात ‘सुधारित’ असे लिहिले जाई. पहिल्या वर्षी अंड्यांचा हप्ता वेळेवर येई. दुसऱ्या पावसाळ्यात मानमोडी येऊन निम्मा कळप जाई, उरलेल्या म्हाताऱ्या होत, आणि त्यांच्या जागी नव्या कुठून आणायच्या याचे उत्तर योजनेत नसे. त्याच काळात एक कातकरी बाई काउंटरपाशी येऊन म्हणाली होती, “साहेब, तुमच्या कोंबडीला बसताच येत नाय.” वीज नाही, उबवणीयंत्र नाही, अशा घरात खुडूक कोंबडी हेच उबवणीयंत्र, तेच भांडवल आणि तोच विमा. त्यावर व्याज म्हणून पिल्ले येतात. शाळेची फी, दवाखाना, पाहुणा यांच्यासाठी एकेक कोंबडी काढता येते, आणि त्या पैशावर नवऱ्याचा हात सहसा पडत नाही. निम्म्या वाट्याने कोंबडी पाळायला देण्याची पद्धत तर आमच्या बचतगटांच्या कितीतरी आधीची.

यावर कोणी म्हणेल की, म्हणजे या बायकांनी पन्नास अंड्यांवरच राहावे काय? मुळीच नाही. शंभर अंडी मिळत असतील तर ती त्यांना मिळालीच पाहिजेत. गरिबीचे संग्रहालय करणाऱ्यांशी माझे जमत नाही. ज्यांना रस्त्यालगत राहून दरवर्षी पिल्ले विकत आणणे शक्य आहे, अंबरनाथच्या बाजारात अंडी विकणे शक्य आहे, त्यांनी वनराजा जरूर पाळावा. २०२१ पासून राष्ट्रीय पशुधन अभियानात हजार पक्ष्यांच्या पैदास केंद्राला निम्मे, पंचवीस लाखांपर्यंतचे अनुदान आहे, तेही कोणी घ्यावे. हरकत आहे ती आतल्या पाड्यांवर सुधारित कोंबडे वाटण्याला. कोंबडी वाटली तर तिचा परिणाम तिच्या अंड्यांपुरता राहतो. एक कोंबडा दोन वर्षांत अख्ख्या पाड्याचे रक्त बदलतो. आणि ही अदलाबदल कोणी नोंदवत नाही.

आता तो हिशेबाचा मुद्दा. खुणांवरून निवड करायची तर ज्या कोंबडीचे रक्त घेतले ती कशी जगली याची नोंद हवी. सरकारी संशोधन केंद्रांत नोंदी आहेत, पण त्या पिंजऱ्यातल्या, मोजून दिलेल्या खाद्यावरच्या. घार आली तेव्हा कोणती कोंबडी पिल्लांना पंखाखाली घेते आणि कोणती स्वतःच पळते, मानमोडीत कोणत्या ओळीतली वाचली, उकिरड्यावर कोणती पोट भरते, हे पिंजऱ्यात कळत नाही. ही खतावणी त्या बाईंच्या डोक्यात आहे. ‘ही तांबडी त्या काळीची नात, तिची आई मुंगसानं नेली, ती तीनदा बसायची, चौदातली बारा काढायची.’ मी बँकेत पुष्कळ चोख लेजरे पाहिली. इतके पाठ असलेले पाहिले नाही. पण तिची मुलगी उल्हासनगरच्या जीन्सच्या कारखान्यात कामाला जाते, सून बदलापूरला धुणीभांडी करते. डोक्यातल्या या खात्याला वारस नाही.

म्हणून क्रम बदलावा असे माझे म्हणणे आहे. आधी वही, मग थेंब. जैवविविधता कायदा २००२ चा आहे, २०२३ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. त्याप्रमाणे प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता समिती नेमून लोकांच्या मदतीने नोंदवही करायची असते. त्यात झाडे-पाखरांबरोबर पाळीव जनावरांचाही भाग असतो. बदलापूर आणि अंबरनाथच्या नगरपालिका, उल्हासनगरची महापालिका आणि भोवतालच्या ग्रामपंचायती यांनी त्यात कोंबडीला चार पाने द्यायला हरकत नसावी. कारण उद्या एखाद्या कंपनीने याच पाड्यांतल्या पक्ष्यांतून उष्णता सोसणारा वाण काढला, तर लाभाचा वाटा मागायला आधी ‘हा पक्षी इथे होता, अमक्या घरी होता’ असा कागद लागेल. करड्या रानकोंबड्याच्या वेळी तो कागद नव्हता.

थेंब घेण्यासाठी दूर जायला नको. परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ सालचे. ते नागपूरच्या पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली आहे आणि बदलापूर लोकलने दोन तासांच्या आत येते. पाच-दहा पाडे, प्रत्येकी वीस-तीस पक्षी, तीस खुणा. विद्यार्थ्यांच्या एका-दोन प्रबंधांचे हे काम आहे. बारवीच्या मागची कोंबडी आणि मलंगगडाच्या पायथ्याची कोंबडी एकच की निराळ्या, वनराजाचे रक्त कुठवर पोचले आहे, रानकोंबड्याचे अजून मिसळते आहे का, रोगप्रतिकाराच्या जनुकांचा जो पुंजका सोळाव्या गुणसूत्रावर असतो त्यात इथे किती प्रकार आहेत, एवढे कळले तरी पुष्कळ झाले. नोंदीच्या तक्त्यात मात्र वजन आणि अंडी यांच्याबरोबर ‘किती वेळा बसली’ आणि ‘किती पिल्ले जगवली’ हे दोन रकाने हवेत. ते तक्ता करणाऱ्याने ठरवायचे नाहीत, पाळणाऱ्या बाईला विचारून ठरवायचे.

आणि एक अगदी क्षुल्लक वाटणारी गोष्ट. मानमोडीची लस शंभर, दोनशे, पाचशे मात्रांच्या कुपीत येते आणि उघडली की त्याच दिवशी संपवावी लागते. साठ-सत्तर पक्ष्यांच्या पाड्यासाठी ती कोणी उघडत नाही. शेजारच्या चार पाड्यांनी एक दिवस ठरवून, एका थर्मासात बर्फ घालून कुपी नेली, तर एका सकाळीत काम होते. त्या एका सकाळीने जितकी पिल्ले वाचतील तितकी वाढ कोणतीही जनुकीय निवड दहा वर्षांत देणार नाही, हे मला दोन वेगवेगळ्या पशुवैद्यांनी सांगितले. एकाने हसत, दुसऱ्याने चिडून. शिवाय लस द्यायला पक्षी हातात घेतलेला असतोच. थेंब त्याच वेळी घेता येईल आणि वहीही तेव्हाच लिहिता येईल.

वेळ निवडायची तर भातकापणी झाल्यानंतरची. तेव्हा खळ्यावर दाणे असतात, पावसाळ्यातून वाचलेल्या तलंगा अंड्यांवर आलेल्या असतात आणि घरची माणसे भेटतात. माघी पौर्णिमेला मलंगगडाची यात्रा भरते, पुढे शिमगा येतो. तोवर पाड्यावरचे निम्मे कोंबडे विकले गेलेले असतात, आणि एप्रिलमध्ये बरीचशी कुटुंबे वीटभट्टीवर निघून जातात.